चार्ल्स वॉटसन

चार्ल्स वॉटसन (१७१४ – १६ ऑगस्ट, १७५७) हे ब्रिटिश शाही आरमारातील व्हाइस ॲडमिरल होते. विजयदुर्ग व कलकत्ता येथील मोहिमांसाठी ते ओळखले जातात.

कारकीर्द

वॉटसन १७२८ साली आरमारात दाखल झाले. १७४७ मध्ये फिनिस्टेअर भूशिराजवळ फ्रेंचांविरुद्ध झालेल्या दोन्ही लढायांत ते कप्तान होते. १७५४ मध्ये त्यांची नेमणूक हिंदुस्थानाकडील आरमारावर झाली.

विजयदुर्ग

सरखेल तुळाजी आंग्रे यांच्याशी वितुष्ट आल्याने नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. १२ फेब्रुवारी, १७५६ रोजी वॉटसन यांच्या जहाजांनी विजयदुर्गावर तोफांचा भडिमार केला. त्यात लागलेली आग एकमेकांना बांधलेल्या जहाजांवर पसरून आंग्र्यांचे जवळजवळ सारे आरमार भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. आत सापडलेला सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला. पेशव्यांना किल्ला ऑक्टोबरमधील तहानंतरच मिळाला. बाणकोट इंग्रजांकडे राहिले. पेशव्यांच्याच साहाय्याने आंग्र्यांचे सागरी वर्चस्व असे संपुष्टात आले.

बंगाल

जानेवारी १७५७ मध्ये वॉटसन व रॉबर्ट क्लाइव्ह यांनी कलकत्ता परत घेतले. मार्चमध्ये फ्रेंचांचे चंद्रनगर जिंकले. व्यापारी अमीचंद यांना फसवण्यासाठी क्लाइव्ह यांनी केलेल्या खोट्या करारनाम्यावर सही करण्यास वॉटसन यांनी नकार दिला. तेव्हा त्यावर त्यांचे नाव दुसऱ्याकडून घालण्यात आले.

मृत्यू

प्लासीच्या लढाईनंतर दोन महिन्यांच्या आतच कलकत्ता येथे त्यांचे निधन झाले. ईस्ट इंडिया कंपनीने लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबी येथे त्यांचे स्मारक उभारले.