मर्यादित काळ आणि आप्तेष्टांची निवड

कर्करोगाचे निदान झाले म्हणजे मनुष्याचे सामाजिक वर्तुळ बहुधा आखडत जाते. सभासमारंभ, कचेरीतील परिचय आणि केवळ शिष्टाचाराचे संबंध मागे पडतात. पत्नी किंवा पती, मुले, भावंडे आणि एखाददुसरा बालमित्र यांच्या सहवासाची ओढ मात्र वाढते. वर्तुळाच्या अशा संकोचाचा अर्थ दीर्घकाळ ऱ्हासाच्या परिभाषेत लावला जात असे. वार्धक्याविषयी एलेन कमिंग व विल्यम हेन्री यांनी १९६१ साली मांडलेला निवृत्तिवाद याच विचारपद्धतीतला आहे. व्यक्ती समाजातून आणि समाज व्यक्तीतून हळूहळू अंग काढून घेतो, अशी त्याची धारणा होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी या धारणेला दिलेला छेद कर्करोगाच्या रोग्याला समजून घेण्याच्या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे.

कार्स्टेन्सन यांच्या उपपत्तीला सामाजिक-भावनिक निवडीची उपपत्ती म्हणता येईल. तिचे मर्म असे की, मनुष्याची उद्दिष्टे त्याच्या वयावर नव्हे, तर पुढे किती काळ उरला आहे या त्याच्या जाणिवेवर अवलंबून असतात. काळ विपुल वाटतो तेव्हा तो ज्ञान, नव्या ओळखी आणि उद्या उपयोगी पडतील असे संबंध यांच्या मागे लागतो. काळ तोकडा वाटू लागला की, आजच ज्यातून अर्थ लाभेल अशा संबंधांकडे तो वळतो. म्हणजे जे माघार घेतल्यासारखे दिसते, ते वस्तुतः निवड करणे असते. दोन्ही प्रसंगी बाह्य वर्तन सारखेच दिसत असल्याने निरीक्षकाची फसगत होते, इतकेच.

ही उपपत्ती ज्या प्रश्नाने पडताळली गेली तो अगदी साधा आहे. अर्धा तास मोकळा आहे. तो कोणाबरोबर घालवाल? घरच्या निकटच्या माणसाबरोबर, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाच्या लेखकाबरोबर, की जिच्याशी आपले सूर जुळतील असे वाटते अशा नवपरिचित व्यक्तीबरोबर? वृद्धांचा कल घरच्या माणसाकडे स्पष्ट दिसतो, तरुणांचा तसा दिसत नाही. परंतु लवकरच एकट्याने दूरदेशी जावयाचे आहे अशी कल्पना करावयास सांगताच तरुणही वृद्धांप्रमाणे उत्तरे देतात. आणि वैद्यकाच्या एखाद्या नव्या शोधामुळे आणखी वीस वर्षे लाभणार आहेत असे मानावयास सांगितल्यावर वृद्धांचा तो कल ओसरतो. १९९७ साली हाँगकाँग चीनकडे सुपूर्त होण्याच्या सुमारास हेलेन फंग व कार्स्टेन्सन यांनी तेथे हाच प्रश्न विचारला. एका युगाचा अंत जवळ आला असता तेथील तरुणांनीही निकटच्या माणसांनाच पसंती दिली आणि हस्तांतरानंतर वर्षभराने वयाचा फरक पुन्हा प्रकट झाला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एच. आय. व्ही.ची लक्षणे दिसू लागलेले पुरुष माणसांचा विचार भावनिक निकटतेच्या मापाने करीत असल्याचे आढळले. त्याच वयाच्या निरोगी पुरुषांपेक्षा त्यांचे वृद्धांशी अधिक साम्य होते. वय हे कारण नसून केवळ काळाचे चिन्ह आहे, हे यावरून दिसते.

कर्करोगाच्या रोग्यांचाच प्रत्यक्ष अभ्यास मार्टिन पिंक्वार्ट व राइनर झिल्बरआयझेन यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. उपचारांच्या आरंभी रोग्यांचा कल निकटच्या माणसांकडे अधिक होता. उपचार यशस्वी ठरून काळाचे क्षितिज पुन्हा विस्तारले, तसा इतरांविषयीचा रसही परत आला. घरातील मंडळींना हा दुसरा टप्पा पुष्कळदा बोचतो. सहा महिने उशाशी बसलेल्या पत्नीला सोडून मनुष्य पुन्हा चौकातल्या मित्रांत रमू लागला की, ती कृतघ्नता वाटते. उपपत्तीच्या दृष्टीने मात्र ते प्रकृती सुधारल्याचेच एक लक्षण ठरते.

येथवरचे विवेचन एक गोष्ट गृहीत धरते. ती अशी की, काळ आखडला आहे हे रोग्याला ठाऊक आहे. हे गृहीतक सर्वत्र खरे नाही. डोनाल्ड ओकेन यांनी १९६१ साली शिकागोतील डॉक्टरांच्या केलेल्या पाहणीत सुमारे नव्वद टक्क्यांचा कल रोग्याला कर्करोगाचे निदान न सांगण्याकडे होता. १९७९ साली रॉचेस्टर येथे तशाच पाहणीत सत्त्याण्णव टक्के डॉक्टरांनी सांगण्यास पसंती दिली. अमेरिकेत अठरा वर्षांत झालेली ही उलटापालट आपल्याकडे तितक्या पूर्णतेने झालेली नाही. मुंबईत परळ येथे १९४१ साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयाचे नावच निदान उघड करीत असूनही, तेथे रोग्याला घेऊन येणारे नातेवाईक कित्येकदा 'साधी गाठ आहे' एवढेच त्याला सांगून आणतात. हेतू प्रेमाचाच असतो. परंतु परिणाम असा होतो की, उरलेल्या काळाचे ज्ञान ज्याचा तो काळ आहे त्याला सोडून सर्वांना असते. मुलगा परदेशातून 'सहज' येतो, बहीण अकस्मात मुक्कामाला राहते. निवड होते, पण ती इतरांनी केलेली असते. रोग्याला कोणाला बोलवावयाचे होते, कोणाशी जुना अबोला मोडावयाचा होता, हे विचारलेच जात नाही.

बार्नी ग्लेझर व अँसेल्म स्ट्रॉस यांनी कॅलिफोर्नियातील रुग्णालयांच्या निरीक्षणावरून १९६५ साली या अवस्थांचे वर्गीकरण केले. रोगी अज्ञानात असतो ती बंद जाणीव, त्याला संशय येतो ती साशंक जाणीव, दोघांना ठाऊक असूनही दोघे न कळल्याचे भासवितात ते परस्पर सोंग, आणि अखेरीस खुली जाणीव. मराठी घरांत या चारांपैकी तिसरी अवस्था सर्वांत परिचित असावी. तीत सहवास भरपूर असतो, संवाद मात्र हवापाण्यापलीकडे जात नाही. खुली जाणीव सुखाचीच असते असे मात्र नाही. ज्याला सत्य नको आहे त्याच्यावर ते लादणे हीही निवड हिरावून घेण्याचीच एक रीत आहे.

खुल्या जाणिवेचे एक जुने उदाहरण तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांचे आहे. १७७६ साली बाथ येथे शस्त्रवैद्य जॉन हंटर यांना ह्यूमच्या यकृतात हाताला गाठ लागली. एडिनबरोस परतताच ह्यूमने मित्रांना भोजनास बोलाविले. अ‍ॅडम स्मिथ यांनी त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला लिहिलेल्या पत्रात पुढील हकीकत आहे. प्रकृती सुधारत असल्याचे कर्नल एडमन्स्टन या मित्राला कळवितो, असे डॉ. डंडस म्हणाले, तेव्हा, आपण त्वरेने आणि सुखाने मरत आहोत हे खरे तेच त्याला कळवा, असे ह्यूमने सुचविले. एडमन्स्टन निरोप घेण्यास येऊन गेला, आणि परतीच्या वाटेवर त्याला राहवेना म्हणून त्याने पुन्हा निरोपाचे पत्र धाडले. पुढे अशक्तपणा इतका वाढला की, जिवलग मित्रांच्या सहवासानेही ह्यूमला थकवा येई, कारण ते आले की बोलल्यावाचून त्याच्याने राहवत नसे. त्याच्या इच्छेवरून स्मिथ आपल्या आईकडे कर्कॉल्डीस गेले. भेटावेसे वाटेल तेव्हा बोलवावे, अशी अट मात्र त्यांनी घातली. दरम्यान प्रकृतीचे वर्तमान कळविण्याचे काम डॉ. जोसेफ ब्लॅक यांनी पत्करले. २५ ऑगस्टला ह्यूमचा अंत झाला, आणि ती वार्ता ब्लॅक यांच्याच पत्राने स्मिथ यांना कळली.