पृथ्वी विमानाखालून सरकत नाही

‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचतं.’ हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, शिक्षकांच्या खोलीत ऐकलंय आणि परवा तर आठवीतल्या एका मुलाच्या वहीत वाचलं. त्याखाली लिहिलं होतं : हेलिकॉप्टर हवेत स्थिर ठेवलं तर काही तासांनी अमेरिका त्याच्या खाली येईल.

नाही येणार. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते. हवा मागे राहत असती, तर तेवढ्या वेगाचं वारं अहोरात्र तोंडावर आदळलं असतं आणि एकही झाड उभं राहिलं नसतं. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरतं. विमानही धावपट्टीवर असतानाच त्या वेगात सामील असतं आणि चाकं सुटली म्हणून तो वेग गळून पडत नाही. धावत्या डेक्कन क्वीनमध्ये शेंगदाणा वर उडवून बघा, तो परत तुमच्याच हातात पडतो.

मग जाण्यायेण्याच्या वेळेत फरक का पडतो? वाऱ्यामुळे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात, कधी कधी ताशी ३०० किलोमीटरपेक्षाही वेगाने. उष्ण आणि थंड प्रदेशांच्या तापमानातल्या फरकातून हे वारे जन्मतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतात. म्हणजे फिरण्याचा संबंध आहे, पण तो सांगितला जातो त्याच्या नेमका उलट. एका जानेवारीत लंडनला जाताना समोरच्या पडद्यावर वेग ७७० दिसत होता, परतताना १,०३०. इंजिनांचा जोर तोच, बदलला होता वारा.

तरी पटत नसेल, तर एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा बघा. ऑक्टोबर २०१६मध्ये तिने अटलांटिकचा मार्ग सोडून पॅसिफिकचा धरला. वर्तमानपत्रांत तेव्हा आलेल्या आकड्यांनुसार जुना मार्ग १३,९०० किलोमीटरचा होता, नवा १५,३०० किलोमीटरचा. तब्बल १,४०० किलोमीटर जास्त! तरीही विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास आधी पोचलं, कारण वारा पाठीशी होता. पृथ्वी खालून सरकत असती, तर पूर्वेला निघालेलं हे विमान जन्मात पोचलं नसतं.

‘नकाशावरची सरळ रेषा म्हणजे सर्वांत जवळचा मार्ग’ हेही खरं नाही. पृथ्वीच्या गोलावर याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तो सैबेरिया आणि आर्क्टिक महासागरावरून जातो आणि जेमतेम १२,४०० किलोमीटर भरतो.

‘तिकिटावरचा वेळ म्हणजे हवेतला वेळ’? त्यात विमानतळावरचं रांगणंही धरलेलं असतं.

आणि ‘रात्री दोनला निघालो, सकाळी साडेसातला लंडनला, म्हणजे साडेपाच तास’ असं सांगणाऱ्यांनी हिवाळ्यात त्यात आणखी साडेपाच तास मिळवावेत. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा साडेचार.