ड्रिफ्ट मोटारीसाठी टर्बोचार्जित रोटरी इंजिनाचे प्रत्यारोपण : नियोजनाचा तांत्रिक विचार

प्रस्तावना

मोटारीतील मूळ इंजिन काढून त्या जागी दुसरे बसविणे हे वरवर पाहता निव्वळ कारागिरीचे काम वाटते. प्रत्यक्षात त्यात भूमिती, ऊष्मागतिकी, पदार्थविज्ञान आणि विद्युत्-यंत्रणा या सर्वच शाखांचा कस लागतो. प्रस्तुत लेखात माझ्दा कंपनीच्या आरएक्स-८ या मोटारीत (उत्पादनकाळ २००३ ते २०१२) त्याच कंपनीच्या आरएक्स-७ मधील १३बी-आरईडब्ल्यू हे टर्बोचार्जित रोटरी इंजिन बसविण्याच्या नियोजनाचा विचार केला आहे. ही मोटार ड्रिफ्ट स्पर्धेसाठी, म्हणजे मागची चाके हेतुतः घसरवीत वळणातून आडवी नेण्यासाठी वापरावयाची आहे, हे येथे गृहीत धरले आहे. हा क्रीडाप्रकार जपानमध्ये रुजला. अमेरिकेतील फॉर्म्युला ड्रिफ्ट स्पर्धामालिकेचा पहिला हंगाम २००४ मध्ये झाला.

रोटरी इंजिनाचे स्वरूप

जर्मन अभियंता फेलिक्स वँकेल (१९०२-१९८८) यांच्या कल्पनेवर आधारलेले पहिले इंजिन एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये चालले. जपानमध्ये केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली त्याचा विकास होऊन १९६७ मध्ये दोन रोटरांची कॉस्मो स्पोर्ट ही मोटार बाजारात आली. या इंजिनात दट्ट्या नसतो. एपिट्रोकॉइड वक्राच्या आकाराच्या पोकळीत त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या तीन शिखरांवरील एपेक्स सील पोकळीचे तीन कक्षांत विभाजन करतात.

एका कक्षाचे आकारमान ३√३ × उत्केंद्रता × रोटरची त्रिज्या × रुंदी या सूत्राने मिळते. १३बी इंजिनात ही मापे अनुक्रमे १५, १०५ व ८० मि.मी. आहेत. त्यावरून प्रत्येक रोटरसाठी सुमारे ६५४ आणि दोन्हींसाठी १३०८ घन सें.मी. हा आकडा येतो. रोटरची एक फेरी पूर्ण होईपर्यंत उत्केंद्री शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात आणि शाफ्टच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक रोटरचे एक प्रज्वलन होते. परिणामी हे इंजिन फेरीगणिक २६१६ घन सें.मी.च्या चारधावी इंजिनाइतकी हवा घेते. टर्बोचार्जर, इंधन आणि शीतन यांचे सर्व हिशेब या दुसऱ्या आकड्यावरून करावे लागतात.

इंजिनाची निवड

आरएक्स-८ मध्ये मुळातच रेनेसिस हे रोटरी इंजिन असताना त्यालाच टर्बोचार्जर का जोडू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. रेनेसिसचे संपीडन गुणोत्तर १०:१ असून त्याची निष्कास द्वारे बाजूच्या तबकड्यांमध्ये आहेत. मधल्या तबकडीतील द्वार दोन्ही रोटरांना सामाईक असल्यामुळे तेथे उष्णता साचते. याउलट १३बी-आरईडब्ल्यूचे गुणोत्तर ९:१ असून निष्कास द्वारे परिघावर आहेत. वायूचा जोरदार झोत सरळ टर्बाइनवर जात असल्याने हे इंजिन टर्बोचार्जरला अधिक अनुकूल ठरते.

मूळ इंजिनात दोन टर्बोचार्जर क्रमाने कार्यान्वित होतात. त्यांच्या नियंत्रणासाठी असलेले नळ्या व झडपांचे जाळे गुंतागुंतीचे असल्याने ड्रिफ्टसाठी एकच टर्बोचार्जर सोयीचा ठरतो. मात्र तो निवडताना कमाल अश्वशक्तीचा मोह टाळावा. रोटरी इंजिनाचा टर्बोविरहित टर्क मुळातच कमी असतो. चालकाने पाय दाबल्यावर दाब उशिरा आला, तर मोटार सरळ होऊन घसरण तुटते. शिवाय निष्कास वायू विपुल असल्यामुळे वेस्टगेट लहान ठेवल्यास दाब ठरविलेल्या मर्यादेपलीकडे चढत जातो.

इंधनाचा हिशेब

उदाहरणादाखल ७००० फेरे प्रतिमिनिट, वातावरणापेक्षा १ बार अधिक दाब, इंटरकूलरनंतर ५० अंश सेल्सिअस तापमान आणि शंभर टक्के आकारमानीय कार्यक्षमता गृहीत धरू. इंजिन सेकंदाला सुमारे १५३ लिटर हवा घेईल आणि तिचे वस्तुमान सुमारे ०.३३ किलोग्रॅम भरेल. हवा व इंधनाचे प्रमाण ११:१ ठेवल्यास सेकंदाला ३० ग्रॅम, म्हणजे मिनिटाला सुमारे २४३० घन सें.मी. पेट्रोल लागेल. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा अधिक काळ उघडे राहू नयेत, हा संकेत पाळावयाचा तर त्यांची एकत्रित क्षमता सुमारे ३०४० घन सें.मी. हवी. मूळचे दोन ५५० व दोन ८५० क्षमतेचे इंजेक्टर मिळून २८०० होतात. अर्थात ते अपुरे आहेत. पंपालाही हा पुरवठा मूळ इंधनदाबात आणखी १ बार मिळवून करावा लागतो.

प्रति किलोवॅट-तास ३८० ग्रॅम इंधनव्यय धरला, तर यातून सुमारे ३८० अश्वशक्ती मिळेल. ड्रिफ्टसाठी ती पुरेशी आहे.

उष्णता व प्रस्फोटन

नियोजनाचा खरा गाभा येथे आहे. वरील इंधनाची रासायनिक ऊर्जा सुमारे १२९० किलोवॅट असून शाफ्टवर त्यातील केवळ २८४ किलोवॅट मिळतात. न जळलेल्या इंधनाचा अंश सोडल्यास उरलेली ऊर्जा निष्कास, पाणी आणि तेल यांतून बाहेर जाते. रोटर तेलानेच थंड होत असल्याने तेलाचा कूलर रेडिएटरइतकाच महत्त्वाचा आहे. त्यात मोटार आडवी चालत असताना समोरून येणारी हवा रेडिएटरवर सरळ पडत नाही. म्हणून हवेला बंदिस्त मार्ग करून देणे आणि तेलपात्रात आडपडदे बसविणे अगत्याचे ठरते. अतितापाने तबकड्यांमधील पाण्याचे सील निकामी होतात.

प्रस्फोटन त्याहून घातक आहे. दट्ट्याचे इंजिन थोडेफार प्रस्फोटन सहन करते; रोटरी इंजिनात एकाच जोरदार आघाताने एपेक्स सील तुटू शकते. त्याचे तुकडे पोकळीचा पृष्ठभाग ओरबाडून टर्बाइनपर्यंत जातात. म्हणून प्रज्वलनाची वेळ, विशेषतः प्रत्येक रोटरवरील अग्र व अनुगामी ठिणगीतील अंतर, सुरुवातीस सावधपणे ठरवावे. सीलच्या वंगणासाठी तेलाचा मापक पंप कायम ठेवावा किंवा पेट्रोलमध्ये तेल मिसळावे. सेवन व निष्कास मार्ग इंजिनाच्या एकाच बाजूस असल्याने इंधनवाहिन्यांना उष्णतारोधक आवरण देणे हा अग्निसुरक्षेचा भाग आहे.

जोडणी व विद्युत्-यंत्रणा

आरएक्स-८ मध्ये गिअरबॉक्स व डिफरन्शियल एका लांब चौकटीने जोडलेले असतात. गिअरबॉक्स बदलल्यास ही चौकट आणि मागे शक्ती नेणारा शाफ्ट नव्याने जुळवावा लागतो. इंजिनाचे आधार तयार करताना केवळ आराखड्यावर विसंबू नये. रिकामे इंजिन जागेवर टेकवून मापे घ्यावीत. या मोटारीचे स्टीअरिंग विद्युत्-साहाय्यित असून त्याला व मापकांना इंजिनाच्या संगणकाकडून संदेश मिळतात. स्वतंत्र संगणक बसविताना हे संदेश पुरविण्याची तरतूद न केल्यास इंजिन उत्तम चालूनही स्टीअरिंगचे साहाय्य मिळत नाही. वळणावर क्षणार्धात उलट स्टीअरिंग देणाऱ्या चालकासाठी ही बाब गौण नाही.

निष्कर्ष

१. प्रथम अपेक्षित अश्वशक्ती निश्चित करावी व त्यावरून हवा, इंधन आणि उष्णता यांचे हिशेब करावेत. टर्बोचार्जरची खरेदी त्यानंतर करावी.

२. खर्चात काटकसर करावयाची झाल्यास ती दाबाच्या बाबतीत करावी, शीतन व इंधनपुरवठ्याच्या बाबतीत करू नये.

३. हे इंजिन ज्या आरएक्स-७ मध्ये येत असे, तिचे उत्पादन २००२ मध्ये थांबले. त्यामुळे फुटलेल्या प्रत्येक इंजिनागणिक उपलब्ध साठा घटतो. नियोजन हा म्हणूनच केवळ कार्यक्षमतेचा नव्हे, तर जतनाचाही प्रश्न आहे.

४. एका सूत्रापासून इंजेक्टरच्या निवडीपर्यंत जाणारी ही विचारसाखळी पदवी स्तरावरील आंतरविद्याशाखीय प्रकल्पासाठी उपयुक्त ठरू शकते. गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे विद्यार्थी या एकाच समस्येवर एकत्र काम करू शकतील.