लग्न आपल्या मांडवात, फोटोवर हात कोणाचा?

मे महिना आला की सावर्ड्याच्या बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसते. कोकण रेल्वेने नि मुंबई-गोवा महामार्गाने चाकरमानी उतरत असतात, आणि असुर्डे-कोंडमळ्यापर्यंत वाडीवाडीत मांडव उभे असतात. मांडव तिथे फोटोग्राफर आलाच. तो बहुधा आपल्यापैकीच कुणाच्या तरी घरचा मुलगा असतो. चार आंब्याची कलमे, थोडी भातशेती आणि जोडीला कॅमेरा, असा त्याचा संसार.

या मुलापुढे हल्ली एक प्रश्न पडलेला असतो. फोटो काढून झाल्यावर त्यांची निवड करायची, उजेड नि रंग सारखे करायचे, अल्बमची पाने मांडायची, हे जे एडिटिंगचे काम, ते आपणच करावे की पैसे देऊन बाहेरून करून घ्यावे? वाचकहो, प्रश्न त्याचा दिसला तरी पैसे तुमचे असतात आणि चेहरे तुमच्या घरच्यांचे. तेव्हा त्यात तुम्हीही लक्ष घातलेले बरे.

आधी त्या मुलाची बाजू पाहू. एका लग्नात दोन हजार फोटो सहज निघतात. एका फोटोला एकच मिनिट धरले तरी तेहेतीस तास झाले, आणि अल्बम अजून दूरच. रात्री चार तास संगणकापुढे बसला तर एका लग्नाला आठ-नऊ रात्री. मे महिन्यात सहा लग्ने घेतली तर पन्नास रात्री! आणि हे दिवस कोणते? रोहिणीत पेरणी, मृगाचा पाऊस, मग तरवा काढून लावणी. दिवसभर चिखलात राबलेला मुलगा रात्री डोळे ताणून नवरीच्या शालूचा रंग काय जुळवणार? शिवाय पावसात वीज जाते ती वेगळीच. म्हणून अल्बम गणपतीपर्यंत लांबतो, तुम्ही त्याच्या घरी खेपा घालता आणि दोन्हीकडे मने कडवट होतात. अशा वेळी त्याने काम बाहेर दिले तर त्याला कामचुकार म्हणू नये.

बाहेर देणे हे काही आजचे खूळही नाही. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी जो कोडॅक कॅमेरा विकायला काढला, त्यात शंभर फोटोंचा रोल भरलेला असे. रोल संपला की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. तिथे फोटो छापून, नवा रोल भरून तो परत येई. आपल्याकडेही रंगीत रोल आले तेव्हा ते धुवायला शहरातल्या लॅबकडेच जात. फरक एवढाच, की लॅबवाला रोल धुऊन देई. कोणाचा फोटो ठेवायचा नि कोणाचा टाकायचा, हे तो ठरवत नसे.

आज नेमके तेच बाहेर जाऊ लागले आहे, आणि खरी गोम तिथे आहे. दूरच्या शहरात बसलेल्या माणसाला काय ठाऊक, की कोपऱ्यात डोळे मिटून बसलेली म्हातारी ही नवऱ्या मुलाची आजी आहे? डोळे मिटले म्हणून तो फोटो बाद करतो. अंतरपाट धरणारा कोण, मुलीच्या पाठीशी उभा राहिलेला मामा कोण, हे त्याला कळत नाही. हळदीने पिवळी झालेली कांती त्याला रंगाची चूक वाटते आणि तो ती धुऊन काढतो. जांभ्या दगडाची भिंत नारिंगी होते. सगळ्यांत वाईट म्हणजे, न सांगता सगळे चेहरे गोरे होतात. उन्हातान्हात कवळ तोडून, भात लावून रापलेली आई अल्बमात पिठात लोळवल्यासारखी दिसते! आता तर यंत्रच हजार फोटो एका दमात उजळून देते. यंत्राला तरी मामा कुठला ओळखता यायला?

म्हणून माझे मत असे. पानांची मांडणी, वाकडे फोटो सरळ करणे, त्या लांबरुंद करिझ्मा अल्बमची छपाई आणि बांधणी, हे खुशाल बाहेर द्यावे. निवड आणि चेहऱ्याचा रंग मात्र जो मांडवात हजर होता त्यानेच पाहावा. निवडलेले दोन-अडीचशे फोटोच पुढे गेले तर त्याच्या पन्नास रात्रींच्या दहा-पंधराही व्हायच्या नाहीत. मदतीला माणूस हवाच असेल तर तो मुंबई-पुण्यालाच शोधावा असेही नाही. सावर्ड्यात सह्याद्री शिक्षण संस्थेचे कला महाविद्यालय आहे. माणसाच्या कातडीचा रंग कसा बघायचा हे शिकलेली मुले आपल्या उंबऱ्याशी असताना त्यांना विचारून तरी पाहावे.

आणखी एक गोष्ट आयाबायांसाठी. नवरीच्या खोलीतले तयारीचे फोटो, हळदीच्या ओल्या कपड्यांतले फोटो कोणाच्या हातात जातात, हे विचारायला लाजू नका. हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो चालवायला बाईच नेमली होती. त्या काळी एवढी काळजी घेतली जात होती. आज फोटो क्षणात कुठल्या कुठे जातो, तर काळजी जास्तच हवी. असे फोटो बाहेर पाठवायचे नाहीत, असे स्पष्ट सांगा.

इसारा देताना पावतीवरच लिहून घ्या, की एडिटिंग कोण करणार, अल्बम कधी मिळणार आणि मूळ फोटो सगळेच्या सगळे तुम्हाला मिळणार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन सांगून काढवलेल्या फोटोचा पहिला मालक काढवून घेणारा असतो. वेगळा करार केला असेल तरच ते बदलते. तेव्हा मूळ फोटो मागणे हा तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. एक माहेरी ठेवली तर उत्तम.

आणि अल्बम छापण्याआधी नमुन्याचे एक पान मागवा. ते मोबाइलवर पाहू नका. छापलेले पान पडवीत दिवसाच्या उजेडात धरा आणि शालूचा रंग बरोबर आला का, हे नवरीच्या आईला विचारा.