युद्धाचे चित्र आणि दगडावरची नावे

कारंजा (घाडगे) येथे वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, 'सर, कोरेगावच्या लढाईचा फोटो का नाही?' प्रश्न साधा. पण इतिहासाची साधने कोणाच्या हाती होती, याकडे तो आपल्याला नेतो.

ही लढाई १ जानेवारी १८१८ ची. छायाचित्रणाचा शोध जगापुढे आला १८३९ साली. १८५१ नंतर ओल्या काचेची पद्धत रूढ झाली. काचेला रसायन लावायचे, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत धुवायची. समोरचे दृश्य काही सेकंद स्थिर लागे. धावणारा शिपाई त्यात उमटणार कसा? म्हणून १८५५ साली क्रिमियात गेलेल्या रॉजर फेंटनने छावण्या आणि अधिकारी टिपले, प्रेते टाळली. प्रत्यक्ष लढाई दाखविण्याचे काम चित्रकाराकडेच राहिले. त्याचे रेखाटन लंडनला जाई, आणि रणांगण कधी न पाहिलेला कारागीर ते साप्ताहिकासाठी लाकडी ठोकळ्यावर कोरी.

म्हणजे कॅमेराही निष्पक्ष साक्षीदार नव्हता. लखनौच्या सिकंदर बागेतील कत्तल नोव्हेंबर १८५७ ची. फेलिचे बिआतो तेथे पोहोचला मार्च १८५८ मध्ये. त्याच्या फोटोत अंगणभर मानवी हाडे दिसतात. ती फोटोसाठी मुद्दाम पसरली असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. मारणाऱ्या पलटणींची नावे इतिहासात आहेत. ती हाडे कोणाची, हे फोटो सांगत नाही.

कोरेगावला फोटो नाही, स्तंभ आहे. तोही कंपनी सरकारने स्वतःच्या विजयासाठी उभारला, हे आपण विसरू नये. पुढे १८९० च्या दशकात इंग्रज सरकारनेच महारांची सैन्यभरती बंद केली. तरीही स्तंभावरील ४९ मृतांच्या नावांत २२ महारांची आहेत. दगडावर जात लिहिलेली नाही. नावाअखेरचा 'नाक' ती ओळख देतो. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांचे नाव येथे कोरलेले आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले, ते या नावांसाठी.

माझ्या आजोबांचा एकही फोटो नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हेच असेल. तेव्हा विद्यार्थ्यांनी जुने चित्र पाहताना विचारावे: हे कोणी काढले, कोणासाठी काढले, आणि खाली कोणाचे नाव नाही? आणि घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असलेली नावे आजच वहीत उतरवून घ्यावीत.