कर्जाची सवलत, कारभारावर पकड

गरीब राष्ट्रांचा कर्जभार हलका करण्यासाठी जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी १९९६ मध्ये योजना आखली. मात्र सवलतीपूर्वी नाणेनिधीला मान्य असलेला आर्थिक कार्यक्रम राबवावा लागतो. सरकार लोकनियुक्त असले तरी खर्चाचा अग्रक्रम ठरविताना धनकोचाच शब्द वजनदार ठरतो.

माळव्यातील पवारांच्या संस्थानांनी हा पेच पूर्वीच अनुभवला. १८१९ च्या तहाने धार इंग्रजांच्या संरक्षणाखाली आले. गमावलेला मुलूख परत मिळाला. परंतु अडीच लाख रुपयांच्या कर्जफेडीसाठी बैरसिया परगणा पाच वर्षे तारण राहिला. १८५७ च्या उठावानंतर संस्थान जप्त झाले; पुढे ते परत देताना बैरसिया भोपाळकडे गेला.

देवास थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार कर्जबाजारी झाले, तेव्हा हिंदुस्थान सरकारने आर्थिक कारभाराच्या चौकशीचा आग्रह धरला. १९३३ मध्ये त्यांनी फ्रेंच अमलाखालील पाँडिचेरी गाठली. १९३७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

या व्यवहारांत कर भरणाऱ्या रयतेला कोणी विचारले नाही. आजच्या ऋणको देशांना मात्र धनकोच्या अटी कायदेमंडळापुढे मांडता येतात. सवलतीचे खरे मोल त्या चर्चेतच ठरते.