केबलवाल्याचा एरिया विकला जातो, तेव्हा महापालिका कुठे असते?

एखाद्या महिन्यात केबलचे पैसे न्यायला नवाच मुलगा येतो. “काका, आधीच्यांनी एरिया आम्हाला दिला,” एवढंच सांगतो. मग सोसायटीत हमखास कोणीतरी म्हणतं, महापालिकेच्या मंजुरीशिवाय हा व्यवहार झालाच कसा?

महापालिकेच्या मंजुरीचा इथे प्रश्नच येत नाही. केबलचा धंदा चालतो तो केंद्राच्या १९९५ च्या कायद्यावर. स्थानिक केबलचालकाची नोंदणी वर्षानुवर्षं मुख्य टपाल कार्यालयात व्हायची. ५०० रुपये शुल्क, मुदत एका वर्षाची. १७ जानेवारी २०२५ पासून ती थेट माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे, ऑनलाइन होते. शुल्क ५,००० रुपये, मुदत ५ वर्षं, आणि ती देशभर चालते.

नोंदणी मिळते ती धंदा करण्याची. गल्लीची मक्तेदारी तिच्यात येत नाही. तरी एरिया विकले जातात, कनेक्शनमागे भाव ठरतो. घेणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात पडतात त्या वायरी, ॲम्प्लिफायर आणि ग्राहकांची यादी. नोंदणी त्याची स्वतःची असावी लागते. त्याच गल्लीत दुसऱ्या नोंदणीकृत चालकाने वायर ओढली, तर कायदा त्याला अडवत नाही. धंद्यातले लोक अडवतात, ती गोष्ट वेगळी.

अमेरिकेत राहून आलेल्यांना हे विचित्र वाटतं. तिथे अनेक गावांत नगरपालिकाच केबल कंपनीला फ्रँचायझी देते आणि कंपनीची मालकी बदलायची असेल, तर अर्जावर निर्णय घ्यायला तिला १२० दिवस मिळतात. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०१८ ला रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन्ही केबल कंपन्यांतला बहुसंख्य हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं. पुण्यात हॅथवेचे ग्राहक कमी नव्हते. पण त्या सौद्याला मंजुरी दिली ती भारतीय स्पर्धा आयोगाने. शिवाजीनगरच्या महापालिका भवनात विचारायला जाण्याचं कारणच नव्हतं.

“पण करमणूक कर तर पालिका घ्यायची ना?” तोही नाही. तो जिल्हाधिकारी कार्यालय वसूल करायचं. जुलै २०१७ पासून त्याच्या जागी जीएसटी आला. विनानोंदणी चालकाची यंत्रं जप्त करायला कायद्याने नाव घेऊन सांगितलेत ते जिल्हाधिकारी, प्रांत आणि पोलीस आयुक्त. पालिकेच्या हाती उरतात रस्ता आणि खांब: खोदाईची परवानगी, तिचं शुल्क आणि दिव्याच्या खांबांवर लोंबणाऱ्या विनापरवाना वायरी कापणं.

ग्राहकाचं खरं अडतं ते बॉक्सपाशी. नवा चालक हॅथवेसारख्या जुन्याच कंपनीचा सिग्नल देत असेल, तर बॉक्स तसाच चालतो. त्याने कंपनी बदलली, तर बॉक्सही बदलावा लागतो, कारण एका कंपनीचा सहसा दुसरीच्या जाळ्यात चालत नाही. म्हणून बॉक्स उलटा करून स्टिकरवरचं कंपनीचं नाव आणि नंबर लिहून ठेवा. बॉक्स भाड्याचा असेल तर अनामत परत मागा. तक्रार आधी कंपनीच्या ग्राहकसेवेकडे नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा, मग नोडल अधिकाऱ्याकडे जायचं. नियामक संस्था ट्राय नियम करते, पण एकेका ग्राहकाचं भांडण सोडवत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे पावत्या लागतील, तेव्हा त्या नव्या मुलाकडून पहिल्या महिन्यापासूनच मागून घ्या.